आकाशमार्गाची रुग्णसेवा

शुभवर्तमानांतील चांगल्या शोमरोनी मनुष्याचा दृष्टान्त आपल्या शाळेंतील प्रत्येक विद्यार्थ्यास परिचित आहे. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनीं घायाळ केलेला एक वाटसरू पडला होता. दोघे प्रतिष्ठित गृहस्थ त्यास पाहून बाजूनें निघून गेले. तिसरा, ज्यास लोक परका मानीत, तो मात्र थांबला. त्यानें प्रथम जागच्या जागीं जखमांस तेल व द्राक्षारस लावून पट्ट्या बांधिल्या. नंतर त्यास आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेंत नेलें व त्याची शुश्रूषा केली. आणि दुसरे दिवशीं उतारशाळेच्या रक्षकाच्या हातीं पैसे देऊन पुढील व्यवस्था लाविली. रुग्णसेवेच्या दृष्टीनें या गोष्टीकडे पाहिलें असतां तींत एक निश्चित क्रम दिसून येतो: आधीं जागेवरच उपचार, मग वाहन, मग योग्य स्थळ, आणि शेवटीं रोग्याची जबाबदारी दुसऱ्याच्या हातीं नीट सोंपविणें. आज हेलिकॉप्टरांतून जाऊन रुग्णांचे प्राण वांचविणारे लोक जें काम करितात, त्याचाही क्रम हाच आहे. हें काम कसें चालतें, तें करणारीं माणसें कोण असतात, आणि तें करूं इच्छिणाऱ्यानें आपल्या अंगीं कोणते गुण बाणवावे, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

शरीरास मोठी इजा झाली असतां काळ फार मोलाचा असतो. रक्तस्राव चालू राहिला कीं मेंदू, हृदय व मूत्रपिंडें यांस प्राणवायूचा पुरवठा कमी पडूं लागतो. आणि एकदां हीं इंद्रियें दुखावलीं म्हणजे पुढें कितीही उत्तम उपचार मिळाले तरी रोगी दगावण्याचा संभव असतो. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरचे शस्त्रवैद्य डॉ. आर. अॅडम्स काउली यांनीं अपघातानंतरच्या पहिल्या तासाला ‘सुवर्ण-तास’ असें नांव देऊन या गोष्टीकडे जगाचें लक्ष वेधिलें. अर्थात् मृत्यु घड्याळ पाहून येत नाहीं. कोणाला दहा मिनिटांचाही अवकाश मिळत नाहीं, तर कोणी कांहीं तास तग धरितो. तथापि, योग्य उपचार जितके लवकर मिळतील तितकी आशा अधिक, हें तत्त्व सर्वमान्य आहे.

आपल्या मराठवाड्यांत हें तत्त्व कोणास निराळें शिकवावें लागत नाहीं. आजारी माणसास बाजेवर निजवून चौघांनीं खांद्यावरून पक्क्या सडकेपर्यंत आणावें, तेथून मिळेल त्या गाडीनें तालुक्यास न्यावें, आणि तालुक्याहून पुढें छत्रपती संभाजीनगरास ‘घाटी’त पोंचवावें, हा प्रवास अनेक घरांतील वडीलधाऱ्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेला आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें हें रुग्णालय १९५६ सालापासून आजूबाजूच्या जिल्ह्यांतील रोग्यांचा आधार झालेलें आहे. परंतु आधार कितीही मोठा असला तरी तेथवर पोंचलें पाहिजे. २६ जानेवारी १९१४ नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे २६ जानेवारी २०१४ रोजीं, महाराष्ट्रांत ‘१०८’ क्रमांकाची रुग्णवाहिका-सेवा ९३७ गाड्यांसह सुरू झाली. इतका काळ आपल्याकडे रस्त्यावरच्या रुग्णसेवेलाही लागला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रत्येक रोग्यास आकाशमार्गानें नेणें शहाणपणाचें नसतें. रस्ता चांगला असून रुग्णालय जवळ असेल, तर मोटारच बरी. दूरच्या मोठ्या शहरीं न्यावयाचें असून दोन्हीकडे धावपट्टी असेल, तर साधें विमान अधिक सोईचें. चिकलठाण्याच्या विमानतळावरून मुंबईस रोगी न्यावयाचा झाल्यास विमानाचा वेग अधिक, आणि आंत जागाही अधिक. हेलिकॉप्टरची खरी गरज लागते ती जेथें रस्ता नाहीं, धावपट्टी नाहीं आणि वाट पाहण्यास वेळही नाहीं अशा ठिकाणीं. समुद्रांतील जहाज, हिमालयांतील चौकी, पुरानें वेढलेलें गांव, हीं अशीं ठिकाणें होत. आणि पूर कांहीं केवळ कोंकणासच येतो असें नाहीं. सप्टेंबर २०२५ मध्यें अतिवृष्टीनें सीना नदीस पूर आला, तेव्हां धाराशिव जिल्ह्यांतील परंडा तालुक्यांत पाण्यानें वेढलेल्या माणसांस हेलिकॉप्टरनें उचलून सुरक्षित स्थळीं आणावें लागलें. ज्या मुलखानें पाण्यासाठीं टँकरची वाट पाहिली, त्याच मुलखानें त्या वर्षीं पाण्यांतून सुटण्यासाठीं आकाशाकडे पाहिलें.

या सेवेचा आरंभ आपल्या देशाच्या सीमेवरून झाला, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असेल. दुसरें महायुद्ध चालू असतां, एप्रिल १९४४ मध्यें, ब्रह्मदेशाच्या अरण्यांत शत्रूच्या मागील बाजूस एक लहान विमान पडलें. त्यांत वैमानिकासह तीन जखमी ब्रिटिश सैनिक होते. अमेरिकन वैमानिक लेफ्टनंट कार्टर हार्मन हा आसामांतील लालाघाट येथील तळावरून सिकोर्स्की कंपनीचें नवें हेलिकॉप्टर घेऊन निघाला. त्या यंत्राची शक्ति इतकी बेताची होती कीं वैमानिकाखेरीज एकाच माणसाचें ओझें तें कसेंबसें पेलीत असे. उष्ण हवेंत इंजिन तापे; मध्येंच थांबून तें निववावें लागे. अशा स्थितींत हार्मनने एकेका माणसास उचलून, पुनःपुन्हां फेऱ्या घालून, चौघांनाही बाहेर काढिलें. हा हार्मन युद्धापूर्वी संगीताचा विद्यार्थी होता आणि युद्धानंतर संगीतकार व संगीत-समीक्षक म्हणून प्रसिद्धीस आला. युद्धांतील हेलिकॉप्टरनें माणसें वांचविल्याचें हें पहिलें उदाहरण गणलें जातें.

त्यानंतर कोरियाच्या युद्धांत (१९५०–५३) हेलिकॉप्टरच्या दोन्ही बाजूंस बाहेर स्ट्रेचर बांधून हजारों जखमी सैनिक रणभूमीवरून थेट शस्त्रक्रियेच्या तंबूपर्यंत नेण्यांत आले. शांततेच्या काळांत या साधनाचा उपयोग करण्याची कल्पना स्वित्झर्लंडमध्यें रुजली. आल्प्स पर्वतांतील अपघातग्रस्तांसाठीं तेथें १९५२ सालीं हवाई बचाव-संस्था स्थापन झाली. जर्मनींत १ नोव्हेंबर १९७० रोजीं म्युनिक येथील एका रुग्णालयाच्या आवारांतच हेलिकॉप्टर ठेवण्यांत येऊन त्याजबरोबर डॉक्टरची नेमणूक झाली. हा फरक महत्त्वाचा होता. तोंपर्यंत हेलिकॉप्टर रोग्यास डॉक्टरकडे नेत असे. आतां तें डॉक्टरला रोग्याकडे नेऊं लागलें. शोमरोनी मनुष्यानें पट्टी आधीं बांधली व जनावरावर मागाहून बसविलें, तोच क्रम पुन्हां सांपडला.

हिंदुस्थानांत या कामाचा भार मुख्यतः सैनिकी दलांनीं वाहिला आहे. हिमालयांतील विरळ हवेंत हेलिकॉप्टरच्या पात्यांस पुरेसा आधार मिळत नाहीं. यास्तव भारतीय वायुदलाच्या मागणीवरून फ्रान्समध्यें एक हलकें परंतु जोरकस हेलिकॉप्टर तयार करण्यांत आलें; त्यानेंच २१ जून १९७२ रोजीं १२,४४२ मीटर उंची गांठून विक्रम केला. तेंच पुढें बंगळूर येथें ‘चीता’ या नांवानें बनूं लागलें आणि सियाचेन हिमनदीवरील आजारी व जखमी जवानांचा तारणहार ठरलें. हिमदंशानें किंवा फुप्फुसांत पाणी होऊन आजारी पडलेल्या जवानास त्वरित खालीं आणणें हाच तेथें अर्धा उपचार असतो.

नागरिकांसाठीं सरकारी रुग्णालयाशीं जोडलेली अशी सेवा ऋषिकेश येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत २९ ऑक्टोबर २०२४ रोजीं ‘संजीवनी’ या नांवानें सुरू झाली. लक्ष्मणासाठीं हनुमंतानें आकाशमार्गें औषधि आणिली, त्या कथेची आठवण देणारें हें नांव समर्पकच म्हटलें पाहिजे.

महाराष्ट्रांत या विद्येची कसोटी विशेषतः समुद्रावर लागते. मुंबईपासून पश्चिमेस खोल समुद्रांत तेलविहिरींच्या फलाटांवर शेंकडों माणसें राहून काम करितात. त्यांपैकीं कोणास हृदयविकाराचा झटका आला किंवा यंत्रांत हात सांपडला, तर त्यास जुहूच्या विमानतळाकडे आणण्यास हेलिकॉप्टर हेंच शीघ्र साधन. नौदलाचा हेलिकॉप्टर-तळ ‘शिक्रा’ कुलाब्यास आहे, आणि १९७७ सालीं स्थापन झालेलें तटरक्षक दलही किनाऱ्यावर जागरूक असतें. मे २०२१ मध्यें ‘तौक्ते’ नांवाचें चक्रीवादळ मुंबईजवळून गेलें. पी-३०५ हा कामगारांच्या निवासाचा तराफा नांगर तुटून भरकटला व १७ मे रोजीं बुडाला. त्यावर २६१ माणसें होतीं. प्रचंड लाटांत, रात्रीच्या अंधारांत, युद्धनौकांनीं व हेलिकॉप्टरांनीं शोध चालविला आणि त्यांतील १८६ जणांस जिवंत बाहेर काढिलें. बाकीचे काळाच्या स्वाधीन झाले. त्याच वादळांत भरकटलेल्या दुसऱ्या एका तराफ्यावरील १३७ माणसें मात्र सर्वच्या सर्व सुखरूप आणिलीं गेलीं. पुढें जुलै २०२४ मध्यें अलिबागजवळ खवळलेल्या समुद्रांत अडकलेल्या मालवाहू नौकेवरील १४ खलाशांस तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरनें वर उचलून घेतलें.

आतां हेलिकॉप्टरच्या आंत कोणकोण असतें तें पाहूं. साधारणतः दोन वैमानिक, दाराशीं दोराचें यंत्र सांभाळणारा एक मनुष्य, दोरानें खालीं उतरणारा पाणबुड्या किंवा बचाव-सैनिक, आणि रुग्णाची गरज असेल त्याप्रमाणें डॉक्टर वा परिचारक. दोर गुंडाळण्याच्या त्या यंत्रास ‘विंच’ म्हणतात. बहुतेकांस वाटतें कीं अशा प्रसंगीं सर्व कौशल्य वैमानिकाचें. वस्तुतः वैमानिकास आपल्या पोटाखालीं काय चाललें आहे तें दिसतच नाहीं. दाराशीं पालथा पडून खालीं पाहणारा विंच-चालक त्यास सांगत असतो: ‘थोडें पुढें, आणखी दोन हात, उजवीकडे, आतां स्थिर.’ एकाचे डोळे व दुसऱ्याचे हात असा हा व्यवहार आहे. डोळ्यांनीं चुकीचें सांगितलें अथवा हातांनीं ऐकलें नाहीं, तर खालीं लोंबकळणारा तिसरा मनुष्य झाडावर किंवा डोलकाठीवर आपटावयाचा. शिवाय हवेंत फिरणाऱ्या पात्यांमुळें हेलिकॉप्टरच्या अंगावर विजेचा भार सांठतो; म्हणून दोराचा आंकडा आधीं पाण्यास किंवा जमिनीस लागूं देऊन मगच त्यास हात लावावयाचा, अशीही शिस्त असते.

या परस्परविश्वासाचीं दोन उदाहरणें केरळांतील ऑगस्ट २०१८ च्या महापुरांत सर्व देशानें पाहिलीं. १७ ऑगस्ट रोजीं आलुवा शहराजवळ एक गर्भवती स्त्री पाण्यानें वेढलेल्या घरांत प्रसववेदनांनीं व्याकुळ झाली होती. कमांडर विजय वर्मा यांनीं नौदलाचें हेलिकॉप्टर त्या जागीं स्थिर धरिलें. प्रथम नौदलाचे एक डॉक्टर दोरानें खालीं उतरले व त्यांनीं तिला तपासलें. वर ओढून घेण्यास ती समर्थ आहे असा निर्वाळा त्यांनीं दिल्यावरच तिला उचलण्यांत आलें. त्याच दिवशीं कोचीच्या नौदल रुग्णालयांत तिला मुलगा झाला. कांहीं दिवसांनीं त्या भागांतील एका गच्चीवर पांढऱ्या रंगानें मोठ्या अक्षरांत आभाराचा शब्द लिहिलेला आकाशांतून दिसला.

दुसरें उदाहरण चालकुडी येथील. एका घराच्या गच्चीवर पुष्कळ माणसें अडकलीं होतीं आणि त्यांत चाकांच्या खुर्चीवरील एक वृद्धाही होती. एकेकास दोरानें ओढीत बसण्यास अवसर नव्हता. लेफ्टनंट कमांडर अभिजित गरुड यांनीं आपलें अवजड ‘सी-किंग’ हेलिकॉप्टर त्या गच्चीवरच टेकविलें. परंतु घराचें छप्पर इतकें वजन सोसणारें नव्हतें. तेव्हां पातीं पूर्ण जोरानें फिरतीं ठेवून, चाकें गच्चीस नुसतीं स्पर्शतील व भार मात्र हवेंतच राहील, अशा बेतानें त्यांनीं तें सुमारें आठ मिनिटें तोलून धरिलें. तेवढ्यांत २६ माणसें आंत घेण्यांत आलीं. आठ मिनिटें म्हणजे आपल्या शाळेंतील तासाचा पांचवा हिस्साही नव्हे. परंतु हातांतील दांडा रेसभर ढळला असता तर छप्पर कोसळलें असतें. वर्षानुवर्षांच्या सरावाचें सार्थक अशा आठ मिनिटांत होत असतें.

वैमानिकाइतकेंच डॉक्टरचें व परिचारिकेचें कामही हवेंत बिकट होतें. पंख्यांचा आवाज इतका असतो कीं छातीस लावलेल्या नळींतून हृदयाचे ठोके ऐकूं येत नाहींत; सर्व भिस्त यंत्रावरील रेघांवर, रोग्याच्या चर्येवर व बोटांच्या स्पर्शावर ठेवावी लागते. थरथरीमुळें सुई टोंचणें कठीण होतें. उंचीवर हवेचा दाब कमी होऊन शरीरांत कोंडलेला वायु फुगतो. बरगड्या मोडून फुप्फुसाबाहेर हवा सांचलेल्या रोग्यास यामुळें धोका संभवतो. म्हणून जें करावयाचें तें शक्यतों उड्डाणापूर्वींच करून घेतात: श्वासमार्ग मोकळा करणें, रक्त थांबविणें, मोडलेल्या हाडांस फळी बांधणें, शिरेंत द्रवाची नळी पक्की बसविणें. तसेंच या वाहनांत प्रत्येक शेराचा हिशेब असतो. इंधन अधिक घ्यावें तर माणूस कमी न्यावा लागतो. माणूस अधिक घ्यावा तर पल्ला कमी होतो. त्रैराशिकाचीं उदाहरणें निरुपयोगी आहेत असें समजणाऱ्या विद्यार्थ्यांनीं ही गोष्ट अवश्य लक्षांत घ्यावी.

येथवर या कामाचें तेज आपण पाहिलें. आतां त्याची किंमतही पाहिली पाहिजे. जून २०१३ मध्यें उत्तराखंडांत जलप्रलय झाला, तेव्हां वायुदलानें हजारों यात्रेकरूंस डोंगरांतून सोडविलें. त्याच कार्यांत २५ जून रोजीं गौरीकुंडाजवळ एक हेलिकॉप्टर कोसळून विंग कमांडर डॅरिल कॅस्टेलिनो यांच्यासह आंतील वीसही जण मृत्युमुखीं पडले. २ सप्टेंबर २०२४ च्या रात्रीं पोरबंदरजवळ समुद्रांतील एका तेलवाहू जहाजावरील जखमी खलाशास आणण्यास निघालेलें तटरक्षक दलाचें हेलिकॉप्टर पाण्यांत पडलें व तिघांनीं प्राण गमाविले. वर सांगितलेल्या ‘संजीवनी’चेंही हेलिकॉप्टर १७ मे २०२५ रोजीं केदारनाथ येथें रुग्णास आणण्यास गेलें असतां उतरतांना आदळून त्याची शेपटी मोडली, ईश्वरकृपेनें आंतील तिघेही सुखरूप राहिले.

अशा घटनांवरून जगांतील अनुभवी सेवांनीं कांहीं कडक नियम केलेले आहेत. त्यांतील एक नियम प्रथम ऐकतांना निर्दय वाटेल. हवा उड्डाणास योग्य आहे कीं नाहीं हें वैमानिक ठरवीत असतां, रोगी कोण आहे हें त्यास मुद्दाम सांगत नाहींत. रोगी तान्हें मूल आहे कीं वृद्ध, स्थिति साधी आहे कीं अखेरची, यांपैकीं कांहींही त्याच्या कानीं घालीत नाहींत. कारण उघड आहे. मूल मरणपंथास लागलें आहे असें कळलें कीं, कोणाही सहृदय मनुष्याला ढग थोडे विरळ दिसूं लागतात आणि वारा थोडा मंद वाटूं लागतो. दया डोळ्यांवर झांपड आणिते. आणि हेलिकॉप्टर डोंगरावर आदळलें तर एकाच्या जागीं पांच जणांचा घात होतो. रोगी तर वांचत नाहींच, शिवाय उद्यांच्या रोग्यांसाठीं ठेवलेलें साधनही नष्ट होतें. दुसरा नियम असा कीं, आंतील सर्वांनीं ‘चला’ म्हटलें तरच उड्डाण करावयाचें. एकानेंही ‘नको’ म्हटलें तर तें थांबवावयाचें. मग तो बोलणारा सर्वांत धाकटा परिचारक कां असेना, त्याच्यावर कोणी रागवावयाचें नाहीं.

वाचकहो, या नियमांचा आपण शांतपणें विचार करावा. प्राण वांचविण्याची तळमळ ज्यांच्या रोमरोमांत भिनलेली आहे, त्यांनींच आपल्या तळमळीस लगाम घालून घेतलेला आहे. खालीं कोणीतरी वाट पाहत आहे हें ठाऊक असतां ‘आज जातां येत नाहीं’ असें म्हणावयास जें धैर्य लागतें, तें वादळांत शिरण्याच्या धैर्याहून कमी नाहीं. किंबहुना अधिक आहे, कारण त्यास कोणी टाळ्या वाजवीत नाहीं, आणि त्या रात्रीं घरीं जाऊन निजणें सोपें नसतें. धाडसाला दक्षतेची जोड नसेल तर तें केवळ अविचार होय; आणि दक्षतेला दयेची जोड नसेल तर ती केवळ भीति होय. या दोहोंचा मिलाफ ज्याच्या ठायीं आहे, तोच या सेवेस पात्र.

ज्या मुलांमुलींस या मार्गाची ओढ वाटेल, त्यांस आपल्या शहरांतूनच वाट निघते. वायुदल, नौदल, भूदल व तटरक्षक दल या चारांपाशींही हेलिकॉप्टरें आहेत. पहिल्या तिन्ही दलांचे अधिकारी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत घडतात. तेथील परीक्षेसाठीं मुलांची तयारी करून घेणारी महाराष्ट्र शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ सालापासून आपल्याच छत्रपती संभाजीनगरांत आहे, आणि दहावीनंतर तींत प्रवेश मिळतो. मुलींसाठीं तशीच संस्था नाशिकास आहे; प्रबोधिनींत मुलींस २०२२ पासून प्रवेश मिळूं लागला. नाशिक येथेंच भूदलाच्या वैमानिकांची शाळा असून, मे २०२२ मध्यें कॅप्टन अभिलाषा बराक या तेथून भूदलाच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक होऊन बाहेर पडल्या. त्यापूर्वी, १९९९ च्या कारगिल युद्धांत फ्लाइट लेफ्टनंट गुंजन सक्सेना यांनीं ‘चीता’ हेलिकॉप्टरमधून जखमी जवानांस आणण्याचें काम केलेलें होतें. ज्यास वैद्यक आवडतें त्यास १९४८ सालीं स्थापन झालेलें पुण्याचें सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथें मुलींसाठीं परिचर्येचें शिक्षणही मिळतें. पुण्याजवळ सुदुंबरे येथें राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाची तुकडी आहे. ज्याचा हात यंत्रांत रमतो त्यानेंही निराश होऊं नये. प्रत्येक उड्डाणापूर्वी ‘हें यंत्र योग्य आहे’ अशी सही करणारा तंत्रज्ञ जमिनीवरच राहतो, परंतु आंतील सर्वांचे प्राण त्याच्या त्या सहीवर अवलंबून असतात. आईबापांनीं मुलांचा कल पाहतांना एवढें स्मरावें कीं, या क्षेत्रांत कामें अनेक आहेत. मात्र प्रत्येकास गणित, विज्ञान, पोहणें, सुदृढ शरीर व स्वच्छ बोलणें यांची गरज सारखीच आहे.

आणि जे या मार्गास जाणार नाहींत, त्यांच्याही हातून या सेवेस साहाय्य घडूं शकतें. गांवांत किंवा मळ्यांत हेलिकॉप्टर उतरावयाचें झाल्यास, विजेच्या तारा व झाडें यांपासून दूर अशी सपाट व कठीण जमीन मोकळी करून द्यावी. मराठवाड्याच्या कोरड्या मातींत धुळीचा असा लोट उठतो कीं वैमानिकास जमीनच दिसेनाशी होते. तेव्हां पाणी मिळत असेल तर शिंपडावें. पत्रे, ताडपत्र्या, कडब्याच्या पेंढ्या, धोतरें-लुगडीं असें उडणारें कांहीं आसपास ठेवूं नये. गर्दीस लांब थोपवावें. पातीं थांबेपर्यंत, अथवा आंतील मनुष्य खूण करीपर्यंत, कोणीही जवळ जाऊं नये; जावयाचेंच तर समोरून, वैमानिकास दिसेल असें, वांकून जावें; शेपटीकडून कदापि जाऊं नये, कारण तेथील लहान पंखा वेगानें फिरत असतां डोळ्यांस दिसतच नाहीं. पुरांत अडकल्यास गच्चीवर रंगीत चादर पसरावी. रुग्णवाहिकेसाठीं १०८, सर्व संकटांसाठीं ११२ व समुद्रावरील संकटासाठीं १५५४ हे क्रमांक घरांतील लहान मुलांसही पाठ असावे.

शोमरोनी मनुष्याचें नांव शुभवर्तमानांत दिलेलें नाहीं, आणि त्यानें वांचविलेल्या वाटसरूचेंही नाहीं. हेलिकॉप्टरांतून जाणाऱ्यांची स्थितिही बहुधा तशीच असते. रोगी रुग्णालयाच्या दारांतून आंत गेला कीं त्यांचें काम संपतें. तो पुढें बरा झाला कीं नाहीं, हेंही पुष्कळदां त्यांस कळत नाहीं. तीं माणसें यंत्र पुसून काढितात, इंधन भरितात, औषधांची पेटी पुन्हां लाविते कोण व तपासते कोण तें ठरवितात, आणि पुढील हांकेची वाट पाहत बसतात. आपल्या शाळेंतील एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी उद्यां त्यांच्यांत बसलेली असो, अशी आमची प्रभुचरणीं प्रार्थना आहे.